मपलं पुस्तक : तिसरी-चौथीच्या पोरांचं हस्तलिखित

खडूफळा | 6 जुलै

(धाग्याचं नाव आधी 'वर्गाचं हस्तलिखित कसं करावं?' असं होतं. का बदललं ते खाली 14 ऑगस्टच्या प्रतिसादात आहे.)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. शाळा दोनशिक्षकी. माझ्याकडे तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, पट 23. त्यातल्या नऊ पोरांचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. निम्मी पोरं तरी त्यांच्याबरोबर जातात, ती एकदम पाडव्याच्या आसपास परत दिसतात. म्हणजे मला वर्ग 'पुरा' मिळतो तो जून ते दिवाळी एवढाच.

यंदा वर्गाचं एक पुस्तक करायचं मनात आहे. प्रत्येकाचं एक पान. भिंतीवर लावायचं किंवा कपाटात ठेवून पाहुणे आले की काढायचं हस्तलिखित नको. प्रत्येक पोराला आपली प्रत घरी नेता आली पाहिजे. गावात घरोघरी फिरलोय. पाठ्यपुस्तकं, भिंतीवरचं कॅलेंडर आणि कुठेतरी हरिपाठ, एवढंच छापील घरात असतं.

आता अडचणी. पहिली लिखाणाची. मागच्या आठवड्यात 'माझा आवडता प्राणी' लिहायला दिलं. 23 पैकी 19 गायी! 'गाय हा एक पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय, दोन शिंगे व एक शेपूट असते.' शब्द न् शब्द तोच. एका पोराच्या घरी गाय नाहीच, चार शेळ्या आहेत आणि तोच त्यांना रोज चारतो. त्याला म्हटलं, अरे, मग शेळीवर का नाही लिहिलंस? म्हणाला, "सर, शेळी निबंधात नसती."

दुसरी अडचण म्हणजे पानांची जुळवाजुळव मला येत नाही. मागे एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा पान 3 नंतर पान 14 आलं. तिसरी पैशाची. हजार रुपयांच्या आत बसवायचं आहे, खिसा माझाच आहे. आणि चौथी, तिसरीतल्या दोघांना अजून सलग लिहिता येत नाही, त्यांनाही पुस्तकातून वगळायचं नाही.

अनुभवी लोकांनी बोला. शिव्याही चालतील.

वरणफळं | 6 जुलै

"शेळी निबंधात नसती." सर, पुस्तकाचं पहिलं वाक्य मिळालं की तुम्हाला.

सदाशिवी | 6 जुलै

आयएसबीएन (पुस्तकाचा अधिकृत क्रमांक) काढा. आपल्याकडे फुकट मिळतो. मग पोरं आयुष्यभर 'प्रकाशित लेखक' म्हणून मिरवतील, आमच्यातल्या काही कवींसारखी.

(जोक होता. उपक्रमाला शुभेच्छा.)

पाटीपेन्सिल | 7 जुलै

सर, मी 31 वर्षं प्राथमिकला होते, आता निवृत्त. गायींचा कळप माझ्याही वर्गात दरवर्षी यायचा. त्यात पोरांची चूक नाही. 'निबंध' म्हटलं की त्यांना वाटतं, याचं उत्तर कुठेतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे आणि आपल्याला ते आठवायचं आहे.

म्हणून विषय देऊच नका. प्रश्न विचारा, आणि तोही असा की त्याचं उत्तर गाइडात असूच शकत नाही. माझा हुकमी प्रश्न सांगते : "तुझ्या अंगावर वण कुठे आहे? कशाचा आहे?" खेड्यातल्या पोराच्या अंगावर वण नाही असं होत नाही. गुडघा, कपाळ, हनुवटी, विळ्याचा, चुलीचा, कुत्र्याचा. आणि प्रत्येक वणाला एक दिवस असतो, एक जागा असते, कोण ओरडलं, कोणी हळद दाबली, सगळं असतं. गोष्ट आयती तयार असते, फक्त कोणी विचारलेली नसते.

पहिल्या दिवशी वही उघडायचीच नाही. गोल करून बसायचं आणि सांगायचं. आधी तुम्ही तुमचा वण दाखवा सर, नाहीतर पोरं लाजतात. दुसऱ्या दिवशी जसं सांगितलं तसंच लिहायचं. 'जसं सांगितलं तसंच' हे दहा वेळा म्हणावं लागेल, कारण हातात पेन्सिल आली की 'म्या पडलो'चं 'मी पडलो होतो व मला दुखापत झाली' होतं.

ज्या दोघांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही लेखनिक व्हा. तो बोलेल तसं लिहून घ्या, एकही शब्द सुधारू नका, आणि लगेच बोट ठेवून वाचून दाखवा. मग त्याला त्यातलं एक वाक्य स्वतःच्या हातानं उतरवायला सांगा. पुस्तकात त्याच्या हातचं ते वाक्य आणि त्यानं काढलेलं चित्र छापा, बाकीचं तुमच्या अक्षरात. माझ्याकडचा एक मुलगा असाच वाचायला शिकला. स्वतःचंच वाक्य होतं, त्यामुळे पुढे काय येणार ते त्याला ठाऊकच होतं!

दाभणदोरा | 7 जुलै

आमचा बाइंडिंगचा धंदा. वडिलांपासून. आता वहीखाती कमी झाली, ग्रंथालयांची कामं करतो. सर, पान 3 नंतर 14 येण्याचं दुःख मी समजू शकतो.

ए-फोर कागद मधोमध दुमडला की त्याची चार पानं होतात, म्हणून पुस्तकाची पानं नेहमी चारच्या पटीत. 30 पानांचं पुस्तक होत नाही. 28 करा नाहीतर 32. तुमची पोरं 23, म्हणजे 32 बरोबर बसेल : 23 पानं पोरांची, नऊ तुमच्या बाकीच्या भानगडींना. कागद लागले आठ.

आता जुळणी. डोकं चालवू नका, हात चालवा. रद्दीच्या आठ चिठोऱ्या घ्या, एकात एक घालून दुमडा, चिमुकली वही होईल. तिच्यावर 1 ते 32 आकडे टाका आणि मग ती सोडवा. कुठल्या कागदावर कुठली पानं शेजारी येतात ते समोर दिसेल. सगळ्यात बाहेरच्या कागदावर 32 आणि 1, त्याच्या पाठीमागे 2 आणि 31. त्याच्या आतल्यावर 30 आणि 3, मागे 4 आणि 29. शेजारशेजारच्या दोन पानांची बेरीज कायम 33 येणार. बेरीज चुकली की समजा पान चुकलं. सगळ्यात आतला कागद 16-17 चा. तीच एक जागा अशी की शेजारची दोन पानं एकाच कागदावर लागोपाठ येतात. मोठं चित्र टाकायचं असेल तर तिथे टाका, मधे चीर पडणार नाही.

पोरांना थेट दुमडलेल्या कागदावर लिहायला लावू नका. एकाची शाई सांडली की शेजाऱ्याचं पान जातं, मग भांडणं. प्रत्येकाला अर्धा ए-फोर सुटा द्या, एकाच बाजूला लिहू दे. चारी बाजूंनी बोटभर जागा सोडायची, झेरॉक्सचं मशीन कडेचं खातं. मग ते सुटे अर्धे कागद तुम्ही जुळणीप्रमाणे पूर्ण कागदावर चिकटवा. ही तुमची मूळ प्रत.

काळं जेल पेन वापरा. पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी येते आणि फिकट निळी शाई कधी येते, कधी जाते. तेलखडूची चित्रं मुळात नको, खडूचा रंग काचेला लागतो आणि दुकानदार पुन्हा तुम्हाला दारात उभं करत नाही. चित्र काळ्या रेघांचं काढायचं. प्रत हातात आली की ज्यानं त्यानं आपापली रंगवावी. त्यात मजाही आहे, 30 प्रती 30 तऱ्हेच्या होतात.

शिवण : घडीवर तीन भोकं, एक मधोमध, दोन वरखाली. जाड वहीवर पुस्तक उघडं ठेवून दाभणानं पाडा. भोकं तुम्ही पाडा, पोरांच्या हातात दाभण नको. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, तिथून सरळ खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोन टोकं लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारायची. एवढं पोरांना जमतं. माझी नात दुसरीत असल्यापासून करते.

कव्हरला पुठ्ठा चिकटवणार असाल तर घरी कणकेची खळ करा. आम्ही तिच्यात मोरचूद टाकतो, कीड लागत नाही.

ऋतुगंध | 7 जुलै

दाभणदोरा काका, बाकी सगळं सोनं आहे, पण मोरचूद विषारी असतं. पोरं खळीची बोटं चाटतात. सर, कृपया मोरचूद नको. फेविकॉल आणा.

दाभणदोरा | 7 जुलै

बरोबर आहे ताई. आमच्या दुकानात पोरं नसतात, लक्षात आलं नाही. मोरचूद खोडलं.

खडूफळा | 19 जुलै

पाटीपेन्सिल ताई, तुमच्या वणानं वर्ग उलटा झाला.

मी माझा नडगीवरचा दाखवला (सायकल, उतार, ब्रेक नाही). त्यानंतर शर्ट वर, बाह्या वर, एकानं तर केस बाजूला करून टाळू दाखवली. सुट्टी झाली तरी कोणी उठेना. लिखाण आणखी दोन दिवसांनी झालं. दोन नमुने देतो, पोरांची नावं देत नाही.

चौथीतला, शेळीवाला :

'मपली शेळी लई गुणाची हाय पण एकदा तिनं मपली वही खाल्ली. मी तिच्या तोंडातून वही वढली तवा तिचं शिंग मपल्या हाताला लागलं. रगत आलं. आईनं मला मारलं शेळीला नाही.'

तिसरीतला, जो लिहू शकत नाही, त्यानं सांगितलेलं :

'कारखान्यावर आमची कोपी पाचटाची आसती. रातीला थंडी वाजती. आई चूल पेटवून फडात जाती. मी बहिणीला धरून बसतो. ती चुलीकडं गेली मी तिला वढलं तर मपला हात भाजला. तिला काय झालं नाही.'

दुसरं लिहून घेताना मीच मधे थांबलो. तो विचारत होता, "सर, लिवलं का?"

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कोपी म्हणजे तोडणीवाल्यांची पाचटाची झोपडी. फड म्हणजे उसाचं शेत. मपलं म्हणजे माझं. तुपलं म्हणजे तुझं.)

अनुस्वार | 20 जुलै

दोन्ही उतारे वाचून गलबललो हे आधी सांगतो. पण सर, मी आयुष्यभर मुद्रितशोधन केलं आहे, म्हणून अप्रिय बोलतो. हे असंच छापू नका. 'तवा', 'रगत', 'लिवलं' आज गोड वाटतं. उद्या हा मुलगा पाचवीला तालुक्याच्या शाळेत जाईल तेव्हा याच शब्दांवरून त्याला हसतील. प्रमाण भाषा ही त्याची शिडी आहे. ती त्याला देणं हे तुमचं काम. पुस्तक छापलं म्हणजे त्या रूपाला तुम्ही मान्यता दिलीत असा अर्थ होतो. आशय तोच ठेवून भाषा शुद्ध करायला काय हरकत आहे?

जुनीशाई | 20 जुलै

अनुस्वार साहेब, तुमच्याच नावावरून आठवलं. माझ्या आजोबांची पत्रं आहेत माझ्याकडे. सगळीकडे 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं'. त्या काळी हे शुद्ध होतं, आणि अनुस्वार गाळला की मास्तर छडी मारत. मग 1962 साली साहित्य महामंडळाच्या नियमांना सरकारी मान्यता मिळाली, उच्चार नसलेले अनुस्वार गेले, आणि तेच आजोबा एका रात्रीत अशुद्ध झाले. 1972 साली आणखी चार नियम जोडून ते 18 झाले. नियम हवेत, नाही म्हणत नाही. पण त्यांचं वय बघा आणि 'मपलं'चं वय बघा.

अनुस्वार | 20 जुलै

लेखननियम आणि बोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुम्ही त्या एकत्र करताय. 'नांव'चं 'नाव' झालं तरी शब्द तोच राहिला. 'मपलं'चं 'माझं' केलं की शब्दच बदलतो.

पाटीपेन्सिल | 20 जुलै

मग तुम्हीच उत्तर दिलंत ना. शब्दच बदलतो, म्हणून बदलायचा नाही. ह्रस्वदीर्घ बदलून शब्द बदलत नाही, तर ते मूल शिकेल तसं सुधारू दे.

वरणफळं | 20 जुलै

*पॉपकॉर्न घेऊन बसलेली बाहुली*

वाचनवेडी | 21 जुलै

या वादात एक फ्रेंच मास्तर आणते. सेलेस्तीन फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला जखम झाली होती, वर्गात फार वेळ मोठ्यानं बोलता येत नसे. दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू नावाच्या खेड्यात शिकवायचा. मुलांना घेऊन तो गावात फिरायला जायचा, परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगायची, ते फळ्यावर यायचं. 1924 मध्ये त्यानं वर्गात हातानं चालवायचं छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं शिशाचे खिळे (छपाईची सुटी अक्षरं) एकेक करून जुळवायची आणि स्वतःचा मजकूर छापायची. कुठला छापायचा ते मुलं मतदानानं ठरवायची. पुढे फ्रान्समधल्याच दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेशी छापील पानांची देवाणघेवाण सुरू झाली.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते यंत्र नाही. एकेक खिळा हातानं जुळवायचा म्हटल्यावर मूल स्वतःच शब्द तपासतं, कारण चूक झाली तर ती काढून पुन्हा जुळवायचं कामही त्याचंच. आणि वाचणारा परक्या गावचा असला की त्याला कळावं म्हणून आपण नीट लिहितो. मास्तरासाठी कोण नीट लिहितं? तुमच्या पुस्तकाला दुसऱ्या गावचा वाचक मिळवा सर, निम्मं शुद्धलेखन आपोआप येईल.

जुनीशाई | 21 जुलै

छान. आपल्याकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोजच्या रोज, स्वतःच्या हातानं. पण ते गुरुजींनी मुलांसाठी लिहिलेलं. इथे उलटं चाललंय, म्हणून मला हा धागा जास्त आवडतोय.

मुलांचं लिखाण मुलांच्याच भाषेत छापणारी मासिकंही आहेत. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' 1985 पासून आहे. हिंदी आहे, पण त्यातलं 'मेरा पन्ना' हे सदर पाहाच. बालभारतीचं 'किशोर' (1971 पासून) तर शाळेत असेलच.

टिंबटिंब | 23 जुलै

सॅन होजेत राहते. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही असाच प्रयत्न केला. आमची गंमत वेगळी. मुलं बोलतात मराठी, लिहितात रोमनमध्ये. शेवटी आजी-आजोबांना व्हिडिओ कॉलवर गोष्ट सांगायची, आजीनं देवनागरीत लिहून फोटो पाठवायचा आणि मुलानं तो पाहून उतरवायचा, असं केलं. एका आजीनं नातवाचं 'मी बस मिस केली' बदलून 'माझी बस चुकली' लिहिलं. नातू ऐकेना. बस त्यानंच मिस केली होती, चुकली बिकली नव्हती!

खडूफळा | 14 ऑगस्ट

उशीर झाला, आमच्याकडे लावणी-खुरपणीत पोरं आणि मी दोघंही गुंतलो होतो.

सगळ्यांचं वाचून असं ठरवलं. लाल पेन बंद. प्रत्येकानं आपलं पान वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्याला जिथे कळलं नाही तिथे त्यानं हात वर करायचा. लिहिणाऱ्यानं तेवढंच दुरुस्त करायचं. शेळीच्या गोष्टीत एकीनं हात वर केला : "वही कशाची होती?" तर 'गणिताची' हा शब्द वाढला. मी दहा वर्षं 'तपशील लिहा' म्हणून वहीत शेरे मारतोय, त्याचा उपयोग शून्य.

मग जोडीजोडीनं पानं तपासायला दिली. नियम एकच : जो शब्द पाठ्यपुस्तकात सापडेल तो तिथे आहे तसा लिहायचा. जो सापडणार नाही तो आपण बोलतो तसा राहणार. 'रगत' राहिलं, 'शिंग' नीट झालं. अनुस्वार साहेब, तुमच्यासाठी : 'शींग' आणि 'शिंग' यावर दोन पोरं दहा मिनिटं भांडली. मला भरून आलं.

नाव मतदानानं ठरवलं. चिठ्ठ्या टाकल्या. 'फुलबाग' 4, 'ज्ञानज्योत' 3 (हे मीच सुचवलं होतं, घरी सांगू नका), 'वण' 5, 'मपलं पुस्तक' 11. म्हणून धाग्याचंही नाव बदललं.

तालुक्याच्या एका बैठकीत सहज कव्हर दाखवलं. एका वरिष्ठांचं म्हणणं पडलं की शाळेच्या पुस्तकावर असला शब्द शोभत नाही, 'माझे पुस्तक' करा, नाहीतर शाळेचं नाव काढा. काय करावं?

वरणफळं | 14 ऑगस्ट

शाळेचं नाव काढा. प्रश्नच मिटला.

अनुस्वार | 15 ऑगस्ट

मी उताऱ्यांबाबत अजूनही साशंक आहे. पण मतदान घेतलंत आणि 11 मतं पडली, तर आता नाव बदलणं म्हणजे पोरांना दिलेला शब्द मोडणं. ते करू नका. 'मपलं' राहू द्या. पाठीमागच्या पानावर चार ओळींत तुमच्या भागातले शब्द आणि त्यांचे प्रमाण मराठीतले अर्थ द्या. मपलं, तवा, कोपी, फड. कोशासारखं. बाहेरच्या वाचकाला कळेल आणि मुलांना दोन्ही शब्द माहीत होतील. लागल्यास मुद्रितशोधन मी करून देतो. फक्त तुमच्या चार ओळींचं, पोरांचं नाही.

पाटीपेन्सिल | 15 ऑगस्ट

घ्या! साहेबांनी दिलजमाई केली. कोश पोरांनाच करू द्या मात्र.

खडूफळा | 2 सप्टेंबर

एक नाजूक गोष्ट विचारायची आहे. चौथीतल्या एका मुलीचं पान आलं. घरातलं आहे, रात्रीचं, दारूचं. सगळं लिहिलंय, थोडक्यात आणि सरळ. लिखाण म्हणून वर्गातलं सगळ्यात ताकदीचं. छापलं तर 30 घरांत जाणार, गाव लहान. नाही छापलं तर तिला वाटेल तिचंच पान वाईट.

पाटीपेन्सिल | 2 सप्टेंबर

छापायचं नाही सर. पण 'वाईट' म्हणून नाही हे तिला तुम्हीच सांगायचं, एकटीला बसवून, आणि आधी तिचं ऐकून घ्यायचं. लिहून तिनं तुम्हाला काहीतरी सांगितलंय. पुस्तकाचं पुढे बघू. तिला किंवा आईला मार बसत असेल तर तो पुस्तकाचा प्रश्नच उरत नाही. आईशी बोला. गरज वाटली तर 1098 ला फोन करा, मुलांसाठीच आहे तो.

ऋतुगंध | 2 सप्टेंबर

+1. आणि ते पान तिला परत द्या. तुमच्या फायलीत ठेवू नका, फोटो काढू नका. तिचं आहे ते.

खडूफळा | 5 सप्टेंबर

बोललो. आधी तिच्याशी, मग आईशी. आईला माहेरचा आधार आहे, मामा येऊन गेला. अधिक इथे लिहीत नाही.

पानाबद्दल तिनं स्वतःच तोड काढली. "ते मपल्यापाशी राहू द्या, मी दुसरं लिवते." दुसरं लिहिलंय ते आजीच्या जात्यावर. आजीच्या दोन ओव्याही उतरवून आणल्यात, म्हणून आता ओव्यांना दोन पानं.

दाभणदोरा | 5 सप्टेंबर

सर, नऊ पानांचा हिशोब द्या. नंतर 33 पानं झाली म्हणाल तर मी येणार नाही.

खडूफळा | 6 सप्टेंबर

काका, लिहून घ्या : नाव-पान 1, कोण कुठल्या पानावर 1, उखाणे-कोडी 2, ओव्या 2, मधोमध 16-17 वर गावाचा नकाशा 2, शब्दकोश 1. झाली नऊ.

नकाशात शाळेपेक्षा किराणा दुकान मोठं आहे. वादविवाद करून ठरलंय, माझा नाइलाज.

खडूफळा | 11 ऑक्टोबर

झालं!!

तालुक्याला झेरॉक्स काढल्या. 30 प्रती, प्रत्येकी आठ कागद पाठपोट, म्हणजे 240 कागद. दोन रुपये कागदामागे, 480. कव्हरचे रंगीत कार्डशीट 30, पाच रुपयांप्रमाणे 150. दोरा आणि मेण घरचं. एकूण 630. पहिली प्रत जुळवताना पाठची बाजू उलटी छापली गेली, 31 नंबरचं पान डोक्यावर उभं. दुकानातल्या पोरानं स्वतःच बेरीज केली आणि म्हणाला, "सर, 33 येतंय, पान बरोबर आहे, कागद फिरवलाय." दाभणदोरा काका, तुमचं शास्त्र तालुक्यापर्यंत पोचलंय.

शिवायला दोन दिवस लागले. चौथीनं तिसरीला शिकवलं. ज्याला लिहिता येत नव्हतं, कोपीवाला, त्याचा टाका सगळ्यात सरळ. त्याच्याकडे मग रांग लागली.

शनिवारी पालक आले. भाषण-बिषण काही ठेवलं नव्हतं. पोरं आपापलं पान वाचत होती, बाकीचे ऐकत होते. शेळीवाल्याचं 'आईनं मला मारलं शेळीला नाही' आलं तेव्हा त्याची आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की पुढचं पान पाच मिनिटं थांबलं. कोपीवाल्याची आई हसली नाही. तिनं पुस्तक घेतलं, पान उघडलं, तिला वाचता येत नाही, तर त्याचं चित्र बघत बसली. मग त्याला म्हणाली, "ह्यो धूर कशाचा काढला?" तो म्हणाला, "तुपल्या चुलीचा."

उरलेल्या सातपैकी एक शाळेत, एक त्या वरिष्ठांना (हो, दिलीच), दोन शेजारच्या गावच्या शाळेत. वाचनवेडी ताई, त्यांच्याकडून पत्रं येणार आहेत. तीन प्रती इथे पाठवतो : पाटीपेन्सिल ताई, काका आणि अनुस्वार साहेब. पत्ते खासगी निरोपात कळवा.

अनुस्वार | 24 ऑक्टोबर

प्रत मिळाली. सवयीनं पेन्सिल घेऊन बसलो होतो. पान 9 वर 'उन्हात'चा 'न्ह' चुकला आहे आणि पान 22 वर पूर्णविराम नाही. खूण केली नाही.

'तवा'चा अर्थ पोरांनी कोशात दिलाय, 'तेव्हा. भाकरीचा पण असतो.' असा सोडवलेला शब्द मी कुठल्या कोशात पाहिलेला नाही.

खडूफळा | 17 जानेवारी

थोडं पुढचं. दिवाळीनंतर सहा पोरं गेली. कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. काल रात्री एका मुकादमाच्या मोबाइलवरून फोटो आला. अड्ड्यावर कोपीसमोर चार पोरं बसली आहेत, त्यातली दोन माझी नाहीत, मी ओळखत नाही. मधे 'मपलं पुस्तक'. कव्हरला ओल लागलीये, कोपरा फाटलाय. खाली आवाजी निरोप : "सर, ह्यांना बी लिवायचंय. ह्यांचं पान कुठं टाकायचं?"

आज वर्गात ऐकवला. चर्चा झाली. पुढच्या वर्षी तिकडच्या पोरांची पानंही घ्यायची असं ठरलं. 32 मध्ये बसत नाही. पोरं म्हणतात 36 करू. काका, चालतंय का?

दाभणदोरा | 17 जानेवारी

चालतंय. नऊ कागद. बेरीज 37 येईल.